पुसलेलं वाक्य

"फोन इथं टाका, बाई." ध्वनिमुद्रकानं पत्र्याचा डबा पुढं केला. "आत नेलात तर माझ्या कानात मधमाश्या घुमतात."

स्टुडिओत त्याला सगळे कानसेन म्हणत. निवृत्त न्यायाधीशबाईंनी फोन डब्यात टाकला, परत उचलून पाहिला, पुन्हा ठेवला.

"मुका करा, पण बंद नको. आणि आपलं झालं की लगेच हातात द्या."

"कोर्टाचा हुकूम," कानसेन म्हणाला. बाई हसल्या नाहीत.

मुलाखतकार समोर येऊन बसला. त्याच्या कार्यक्रमात जगावेगळा विचार करणारी माणसं यायची. शाळाच बंद करा म्हणणारी येऊन गेली होती, शहर जमिनीखाली न्या म्हणणारा येऊन गेला होता. तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि घरी जाऊन झोपायचा. बाईंची कल्पना मात्र त्याच्या घरापर्यंत आली होती.

बाईंचं म्हणणं असं की, यंत्रावर ठेवलेल्या माणसाचा निर्णय घरच्यांवर टाकूच नये. तो एखाद्या परक्यानं घ्यावा. एका इस्पितळात हे करून बघायला सुरुवातही झाली होती. आपणहून नाव दिलेल्यांतून चिठ्ठी निघायची. परक्याला रुग्णाचं नाव कळत नसे आणि घरच्यांना परक्याचं.

आज सकाळी चिठ्ठी निघाली ती मुलाखतकाराची. तिशीतला पुरुष, डोक्याला मार, डॉक्टरांना आशा नाही. एवढंच त्याला फोनवर सांगितलं होतं. यंत्र बंद करा, नाहीतर आठवडाभर थांबा, यातलं एक त्यानं संध्याकाळच्या आत कळवायचं होतं.

"आज सुट्टी घ्यायचीत," माईक लावताना कानसेन हळूच म्हणाला. त्याला एकट्याला हे ठाऊक होतं.

"घरी बसून काय करू? भिंती मोजू?"

घरी आता कोणी नव्हतं. बायको अशाच यंत्रावर होती आणि सही त्यानं केली होती. मुलगी काही बोलली नाही. पण तेव्हापासून ती फोनवर 'जेवलात का' विचारते आणि ठेवून देते. दुसऱ्या कोणावर ही पाळी येऊ नये, म्हणून त्यानं इस्पितळात आपलं नाव दिलं होतं. खरंच फोन येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"बाई, तुम्ही दमलेल्या दिसता. पुढं ढकलायचं का?"

"नको. घरी बसून तरी काय करणार? विचारा."

कानसेन काचेपलीकडे जाऊन बसला आणि दिवा लाल झाला.

"लोक म्हणतात, तुमच्या काळजाच्या जागी दगड आहे."

"कोर्टात पण म्हणायचे. माझा मुलगा लहानपणी विचारायचा, 'आई, आज कितीजणांना रडवलंस?'" बाईंनी चहाचा कप उचलला आणि न पिताच ठेवला. चहावर साय धरली होती. "मी आयुष्यभर परक्यांचेच निकाल दिले. आपल्या माणसाचा खटला आला की न्यायाधीश बाजूला होतो. तिथं कोणी त्याला दगड म्हणत नाही."

"पण घरच्यांचा हक्क?"

"हक्क कसला, फास आहे तो. हो म्हणा, जन्मभर झोप नाही. नाही म्हणा, ते माणूस तिथं पडून झिजतंय आणि तुम्ही बघताय. सही करणाऱ्या माणसाला घरातले पुन्हा पहिल्यासारखं बघतात का? तुम्हीच सांगा."

मुलाखतकारानं काचेपलीकडे पाहिलं. कानसेननं मान खाली घातली होती.

"समजा," तो म्हणाला, "एखाद्या परक्याची आजच चिठ्ठी निघाली. त्याचा धीर होत नाही. त्याला काय सांगाल?"

"सांगेन, घाबरू नकोस बाबा. तू कोणाला मारत नाहीस. तू एका घराला सोडवतोयस. ते तुझ्या तोंडाकडे बघत असतील आणि तू कोण हे त्यांना ठाऊकही नसेल." त्या बोटानं कपाचा काठ पुसत राहिल्या. मग आवाज उतरला. "पण घाई करू नकोस रे. थांब म्हणालास तरी चालेल. थोडं थांब."

मुलाखतकार पुढं वाकला.

"हे शेवटचं काढा," बाई लगेच म्हणाल्या. आवाज पुन्हा कोर्टातला झाला. "विरोधक एवढंच घेऊन नाचतील. 'ठाऊकही नसेल', तिथपर्यंतच ठेवा."

"नक्की?"

"नक्की."

पाहुण्यानं मागं घेतलेलं वाक्य पुसायचं आणि ते ऐकलंच नाही असं धरायचं, हा या खोलीचा नियम होता. बायको कार्यक्रमाची जुळणी करायची तेव्हा तिनंच तो घालून दिला होता. ती म्हणायची, "माणसाला शब्द परत घेता आला पाहिजे. बाहेर कुठं घेता येतो?" मुलाखतकारानं नियम कधी मोडला नव्हता. त्यानं काचेकडे बोट केलं. कानसेननं पुसलं.

दिवा विझला. मुलाखतकार उठला.

"मला खरंच बळ दिलंत, बाई."

"मी? मी कोणाला बळ देणार!"

तो बाहेर जिन्यापाशी गेला आणि इस्पितळाचा नंबर लावला.

"बंद करा," तो म्हणाला.

"थांबायचं असेल तर आठवडा आहे, साहेब."

"नको. कशाला त्या घराला टांगणीवर ठेवायचं?"

"बरं. घरच्यांना लगेच कळवतो."

तो थोडा वेळ कठड्याला धरून उभा राहिला. छातीवरचं काहीतरी हललं होतं. आज मुलीला आपणच फोन करावा, असं त्याला वाटलं.

तो आत आला तेव्हा बाई पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या आणि कानसेन त्यांच्यासमोर डबा धरून होता. डब्यात फोन थरथरत होता. बाई त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या.

"घ्या की, बाई. मघापासून घुमतोय."

त्यांनी दोन्ही हातांनी फोन उचलून कानाला लावला.

"हो," त्या म्हणाल्या, "त्याची आईच बोलतेय."