चौकशीचा फोन

रविवारी सकाळी सव्वाअकराला फोन आला. मुलाकडचे येणार नव्हते.

नितेश तेव्हा दारातच होता. नवव्या मजल्यावरच्या आपल्या घरातून त्याने पाहुण्यांसाठी चार खुर्च्या लिफ्टने खाली, चौथ्या मजल्यावर सहदेवकाकांकडे आणल्या होत्या. दोन आत मांडून झाल्या होत्या, दोन हातात होत्या. सहदेवकाका फोनवर नुसते "बरं, बरं" म्हणत होते. फोन ठेवून ते सोफ्यावर बसले आणि त्यांनी इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"काय म्हणाले?" रत्नप्रभाकाकूंनी विचारलं.

"मुलीबद्दल काहीतरी कानावर आलंय म्हणे."

"काय आलंय?"

"ते सांगत नाहीत."

नितेशने हातातल्या खुर्च्या खाली ठेवल्या. आवाज होणार नाही अशा बेताने ठेवल्या.

कानावर काय गेलं होतं, ते त्याला ठाऊक होतं. गुरुवारी साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये त्याला एक फोन आला होता. मुलुंडहून मुलाची मावशी बोलत होती, कुंदाताई. "जान्हवीला तुम्ही लहानपणापासून ओळखता ना? मुलगी कशी आहे?" लग्न पत्रिकेवर जुळतं आणि चौकशीवर मोडतं, हे दोघांनाही माहीत होतं. आपला नंबर त्यांना कोणी दिला, हे विचारायचं नितेशला सुचलं नाही. मशीनच्या आवाजातून तो बाहेर गल्लीत आला.

"चांगली आहे," तो म्हणाला. "खूप चांगली आहे. पण..."

"पण काय?"

"जाऊ दे. काही नाही."

एवढंच. एक अक्षरही तो खोटं बोलला नव्हता. गुरुवारपासून तो स्वतःला हेच सांगत होता, आणि गुरुवारपासून त्याला नीट जेवण गेलं नव्हतं.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. पोह्यांच्या पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते.

"नितेशा, माझ्या चेडवाबद्दल कोणी काय सांगल्यान, ता तूच शोधून काढ रे," त्या म्हणाल्या. "तू आमका झिलासारखो. दुसऱ्या कोणाक सांगू मी?"

मुलासारखा, हे खरंच होतं. दहिसरला या जागी चाळ होती तेव्हापासून तो या घरात जेवत आला होता. चाळ पडली, टॉवर आला, तरी त्याची जागा बदलली नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराशी, जमिनीवर. खुर्चीवर बसायला तो काही पाहुणा नव्हता.

तेवढ्यात जान्हवी आतून आली. पैठणी तशीच होती, बांगड्या काढलेल्या होत्या. "ह्या दोन वर नेऊन ठेवू," ती म्हणाली. "चल, मी येते."

लिफ्टपाशी आल्यावर तिने बटण दाबलं नाही. खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावरच बसली.

"त्या मावशींचा फोन तुला आला होता ना?"

नाही म्हणता आलं असतं. "हो," नितेश म्हणाला, आणि त्याने शब्द न् शब्द सांगितला.

"'पण' म्हणालास आणि थांबलास?"

"हो."

"त्या 'पण'च्या पुढे लोकांनी काय काय भरलं असेल, कळतंय तुला? आता आई गणपतीत गावाला गेली की तिला तिथेही ऐकावं लागणार."

"सॉरी यार. मी आत्ता जाऊन काकांना सांगतो."

"काय सांगणार?"

"मीच बोललो म्हणून."

"आणि पुढे काय बोलायचं होतं, ते?"

नितेशने आपल्या हातातली खुर्ची भिंतीला टेकवली.

"नंबर मी दिला होता," जान्हवी म्हणाली. "मागच्या वर्षी कांजूरच्या स्थळालाही मीच दिला होता. तेव्हा तू माझी अशी तारीफ केलीस, जसा काही फ्लॅट विकतोयस. कार्पेट एरिया तेवढा सांगायचा राहिला होता. महिनाभर तुझं तोंड बघावंसं वाटलं नाही मला."

तो महिना नितेशला आठवत होता. त्याने तेव्हा कारण विचारलं नव्हतं. ते स्थळ तिनेच नाकारलं होतं, तेही का, हे विचारलं नव्हतं.

"ह्या वेळी ठरवलं होतं," ती म्हणाली. "पुन्हा नुसती तारीफ केलीस तर ह्या मुलाला हो म्हणायचं. मुलगा काही वाईट नव्हता रे. आणि खरं बोललास तर..." ती उठली. "तू दोन्ही केलं नाहीस. नुसतं मला मधल्या मध्ये लटकवलंस."

आतून काकूंची हाक आली. "नितेशा, खंय गेलंस रे? चाय निवली."

तो खुर्च्या घेऊन परत आत आला. काकांनी मान वर केली.

"काही कळलं का रे, कोण बोललं ते?"

"मी बोललो, काका."

काकूंच्या हातातला कप तिथेच थांबला. काका सोफ्यावरून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. "तू? काय बोललास तू?"

"चांगली आहे म्हणालो," नितेश म्हणाला. "खूप चांगली आहे म्हणालो. पण..."

जान्हवी त्याच्या मागून पुढे आली. मुलासाठी मधोमध मांडलेली खुर्ची तिने उचलली आणि त्याच्यासमोर ठेवली.

तो अजून उभाच आहे.