जोडीची पूजा

"हे सोडून काहीबी काढा," छातीवरची चांदीची डबी मुठीत धरून संगप्पा म्हणाला. "इष्टलिंग अंगावरून उतरायचं न्हाई."

लातूरच्या दवाखान्यात सिस्टर ट्रॉलीजवळ खोळंबली होती. डॉक्टर दोनदा बजावून गेले होते. तासाभरात हृदयाचं ऑपरेशन झालं नाही तर माणूस हातचा जाईल, आणि आत नेताना अंगावर काहीही चालणार नाही. मुलानं, अमरेशनं, उदगीरच्या स्वामींना फोन लावून दिला. अशा वेळी काढलं तर दोष नाही, असं स्वामींनीही सांगितलं. संगप्पा कुणाचंच ऐकेना. लहानपणी लिंगायत दीक्षेत गळ्यात आलेलं लिंग साठ वर्षांत एकदाही अंगावेगळं झालं नव्हतं. ते उतरलं की आपण मेलोच, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

त्याची बायको शांतम्मा आतापर्यंत गप्प होती. नवलच म्हणायचं. बेचाळीस वर्षांच्या संसारात दुकानाच्या पाटीच्या रंगापासून पंख्याच्या वेगापर्यंत दोघांचं कशावरही जमलं नव्हतं. जमायचं ते फक्त सकाळी. दोघं शेजारी बसून आपापलं लिंग तळहातावर घेत, आणि दोघांचीही पूजा झाल्याशिवाय एकाच्याही घशाखाली पाण्याचा थेंब उतरत नसे. ज्याची आधी आटपे, तो मनातल्या मनात चरफडत दुसऱ्यासाठी थांबून राही.

शांतम्मा उठली. तिनं स्वतःच्या गळ्यातला दोरा काढला आणि लिंग त्याच्यासमोर धरलं.

"घ्या. मीबी काढलं. मरायचंच असंल तर दोघंबी मेलो. आता जावा आत."

संगप्पानं तिच्याकडे रागानं पाहिलं. मग त्याचे डोळे भरून आले. त्यानं आपलं लिंग काढून तिच्या हातात दिलं. तिनं दोन्ही पदराच्या गाठीत बांधली.

ऑपरेशन झालं, पण तो शुद्धीवर येईना. अमरेश रक्त, औषधं आणि रिपोर्ट यांच्यामागे जिने चढत-उतरत होता. बाकड्यावर बसलेल्या आईला येता-जाता विचारायचा, "अव्वा, जेवलीस का? शुगरची गोळी घेतलीस?"

"हाव, आत्ताच," ती म्हणायची. एप्रिलचं ऊन तापलं होतं. तिचे ओठ सुकलेले त्याला दिसत होते, पण तो घाईत होता.

तिसऱ्या दिवशी ती बाकड्यावरून खाली कोसळली. शुगर फार चढलीय, अंगात पाणीच उरलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी ती गेली. उदगीरला समाधी देताना अमरेशनं पदराची गाठ सोडली आणि तिचं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं, बापाचं आपल्या खिशात टाकलं. ते गळ्यात न जाता गाठीतच का राहिलं, हे विचारायचं भान कुणाला नव्हतं. नवऱ्याच्या काळजीनं गेली, एवढंच सगळे म्हणत होते.

पाचव्या दिवशी संगप्पानं डोळे उघडले. इतक्यात काही सांगू नका, अशी डॉक्टरांची ताकीद होती. अमरेशनं खिशातलं लिंग काढून बापाच्या गळ्यात घातलं. संगप्पानं ते चाचपून पाहिलं. मग तो घाईघाईनं म्हणाला,

"पळ भायेर. अव्वाला म्हण, अप्पानं घातलं, आता तूबी घाल, आन आधी पानी पी. मी घातल्याबिगर ती घालायची न्हाई, तशीच बसली असंल."