कोरड्या काचेवरचे वायपर

नव्या गाड्यांचे वायपर काचेवर पाणी येण्याच्या दहा मिनिटं आधी आपोआप सुरू होत. बंद करता येत नसत. धरणाखालच्या बाजारात, भर उन्हात ते जोरात फिरू लागले तेव्हा ऋजुता वैतागली.

“आबा, आभाळात ढगसुद्धा नाही. पुन्हा बिघडले मेले!”

धरणावर नोकरी केलेले आबा बाहेर पाहत होते. रस्त्याकडेच्या रिकाम्या गाड्यांचेही वायपर करकरत होते.

“पाऊस नाही हा, पोरी,” ते हळूच म्हणाले. “गाडी घाटात वर घे.”

“धरण फुटतंय, पळा!” असं ओरडत तिने गाडी काढली. “वायपरचं रोजचंच आहे!” म्हणत लोक हसले. एक भाजीवाली तेवढी टोपली टाकून गाडीत चढली.

वळणावरून त्यांनी मागे पाहिलं. बाजार अजून भरलेला होता आणि धरणाकडून गडगडाट जवळ येत होता.