जगनचं तिसरं पत्र

भोईवाड्यातल्या चाळीत राहणारे रखमाजी दोन्ही डोळ्यांनी आंधळे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्यांचा मुलगा जगन गोळी लागून गेला. पण म्हाताऱ्याचं काळीज अशक्त, म्हणून चाळीने त्यांना जगन तुरुंगात असल्याचं सांगितलं. शेजारची दमयंती त्या दिवशी जगनबरोबरच होती. आता दर रविवारी दुपारी कोरा कागद हातात धरून ती जगनचं पत्र 'वाचायची'. वाचताना तिची मान वर होत नसे.

रखमाजी ब्रेल शिकलेले होते. बापासाठी जगननेही ते ठिपके शिकून घेतले होते.

"मग माझं मला वाचता येईल असं का लिहीत नाही तो?" रखमाजी विचारायचे.

"तुरुंगात ठिपके पाडायची पाटी नि टोचणी देत नाहीत, मामा."

तिसऱ्या रविवारी त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे. त्याचा कागद तरी हातात धरू दे."

दमयंतीला नाही म्हणता आलं नाही. त्यांचं बोट कागदावरून फिरलं, थांबलं, आणि चेहरा उजळला.

"अगं, मिळाली की त्याला टोचणी!"

दमयंतीने वाकून पाहिलं. कागद कोराच होता. तिने स्वतःचं बोट फिरवलं. कागद गुळगुळीत लागला.

"तुझ्यासाठी लिहिलंय," म्हणत रखमाजी एकेक अक्षर लावू लागले. "दमाताई... पळताना... माझा हात... का सोडलास?"

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

रखमाजींचं हसू मावळलं. त्यांचं बोट खालच्या ओळीवर सरकलं.