पाद्रीबाबांची ओळ

“ही ओळ काढा म्हणलं होतं ना तुमाला?” भागवतरावांनी कागद पुनम मॅडमच्या तोंडापुढं नाचवला.

दीडशे वर्षांपूर्वी गावात शाळा काढणाऱ्या पाद्रीबाबांची मोडी पत्रं मॅडम पुस्तकासाठी उतरवून काढत होत्या. एका पत्रात पाद्रीबाबा संतापले होते: ‘ज्यांना गावात कोणी पाणी देत नाही, ती आमची लेकरे शाळेच्या आडावर पितात, म्हणून सटवाजी पाटलाने काल आडात शेण कालवले.’

सटवाजी म्हणजे भागवतरावांचे खापरपणजोबा. आणि भागवतराव आज त्याच शाळेचे अध्यक्ष.

“त्यांनी लिहिलंय, साहेब. आपण कसं काढणार?”

“असं!” भागवतरावांनी ओळीवर लाल रेघ ओढली, टेबलावरचा पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि घोट तिथंच थुंकला. पाण्याला शेणाचा वास होता.

“जार कोण भरून राहिलं? धुता का न्हाई कधी?”

मॅडमनी त्याच जारमधलं पाणी पिऊन दाखवलं. “चांगलं तर आहे, साहेब.”

भागवतरावांनी गाडीतली पाण्याची नवी बाटली आणवली, सील स्वतः फोडलं. तोच वास.

मग त्यांचं डोकंच फिरलं. समोरचं मूळ पत्र उचलून त्यांनी टराटरा फाडलं.

तेवढ्यात फोन वाजला. घरून मंजुळाबाई, त्यांची बायको, रडवेल्या आवाजात बोलत होती.

“अवो, माठातल्या, नळाच्या, समद्या पाण्याला आत्ताच शेणाचा वास सुटला. नात तहानेनं रडून राहिली. काय पाजू लेकराला?”