कोरडा कान

कारेगावहून, भावकीतल्या साखरबाईच्या मयताहून आलेल्या सगळ्या बायका डोक्यावरून पाणी घेऊन घरात गेल्या. राजनंदिनी तेवढी अंगणात राहिली. अंग धुतलेलं, साडी बदललेली, केस मात्र कोरडे. उजव्या कानावर दौंडच्या डॉक्टरांची पट्टी.

आत तिची तान्ही अक्षदा भुकेनं रडत होती.

"घे गं दोन तांबे," भरली बादली दारात आदळत चुलतसासू साळूबाई म्हणाली.

"काकी, दीड महिना थेंब जाता कामा न्हाई. कानाचा पडदा दुसऱ्यांदा बसवलाय. आता निसटला तर पुन्हा करत न्हाईत."

"मग कापूस घाल."

"मागल्या खेपेला कापसातूनच झिरपलं."

"तिथं रडताना नाकसुदीक शिंकरलं न्हाई हिनं. पडद्याला झटका बसतो म्हणं. साखरबाईच्या लेकी रडायचं सोडून हिच्याकडंच बघत होत्या." बोलायला साळूबाईला कधी उशीर होत नाही.

सासू भागुबाई ओल्या केसांनी उंबऱ्याच्या आत उभी होती. मयताचं पाणी न घेता या घरात आजवर कुणी आलेलं नव्हतं. तो नेम तिनंच राखला होता.

"आक्का, गप का?" साळूबाई म्हणाली. "माझी सून तापानं फणफणली होती, तवा तुम्हीच घागर ओतलीत. म्हणालात, नेम माणूस बघून बदलत न्हाई."

"म्हणाले. आजबी तेच म्हणते."

आत पोरीचा आवाज चिरकत चालला. राजनंदिनीनं खालमानेनं पट्टीची गाठ चाचपली आणि सोडायला घेतली.

भागुबाई उंबरा ओलांडून बाहेर आली. सुनेचा हात धरून तिनं खाली घेतला आणि तिला खेटून पायरीवर बसली.

"शिवलात की, आक्का. आता तुम्हाला पुन्हा पाणी."

"घ्यायचं न्हाई मला."

"मग आत कशा येणार?"

"येतच न्हाई. नेम म्हंजी नेम. दीड महिना दोघी पडवीत राहू. चूल तू सांभाळ. मीठ बेतानं घाल, तुझा हात सुटतो. आन् आधी पोरीला भायेर आण."

साळूबाई अक्षदाला घेऊन आली ती उंबऱ्याशीच थबकली. देताना हाताला हात लागणारच. तिच्या केसांचं पाणी अजून पाठीवर निथळत होतं.

बाहेरून दोघींनी चारही हात पसरले होते.