पन्नासावं पाऊल

एकेचाळिसावं पाऊल ताईच्या उंबऱ्यावर पडलं आणि मोजणीदार थबकला. अजून नऊ पावलं उरली होती.

"थांबलास का? मोज की," ताई आतून म्हणाली. "फक्त चपला बाहेर काढ. आत्ताच फरशी पुसलीय."

त्याने निमूटपणे चपला काढल्या. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस... पन्नासावं पाऊल थेट स्वयंपाकघरात पडलं, शेगडी आणि पाण्याचं पिंप यांच्या मधोमध. म्हणजे नियमाप्रमाणे दगड इथे बसवायला हवा होता. दगड बाहेर हातगाडीवर तयारच होता.

हा नियम धरण झालं त्या वर्षीचा. त्याआधी नदी वाळू आणायची, लाटा ती ओढून न्यायच्या, नदी पुन्हा आणायची. किनाऱ्याचा संसार असा हातातोंडाची गाठ घालत का होईना, पण चालला होता. धरण उभं राहिलं आणि वाळू भिंतीमागे अडून बसली. नदी समुद्राकडे रिकाम्या हाताने यायला लागली. लाटांचं ओढणं मात्र चालूच राहिलं. किनाऱ्यावरच्या लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा धरण कार्यालयाने लेखी दिलं की किनारा मागे हटलेला दिसला, तर दरवर्षी धरणाच्या तळाचे दरवाजे उघडून अडलेली वाळू खाली सोडू. हटला की नाही हे कळावं म्हणून भरतीच्या पाण्यापासून पन्नास पावलांवर एक पांढरा दगड बसवला. आणि कार्यालयातल्या कुण्या हुशार माणसाने नियम लिहिला: 'दगड पाण्यापासून पन्नास पावलांवर असावा. नसल्यास तो तिथे बसवावा आणि मग अहवाल द्यावा.'

मोजणीदाराने सतरा वर्षं हा नियम इमानेइतबारे पाळला. दरवर्षी यायचं, पाण्याजवळ आलेला दगड उचलायचा, पन्नास पावलं मोजून मागे बसवायचा, त्याला चुना फासायचा. मग मोत्यांसारख्या अक्षरात लिहायचं: 'दगड पन्नास पावलांवर. किनारा जागच्या जागी.' साहेब खूश. दरवाजे बंद. वस्तीवर त्याला सगळे पन्नासराव म्हणत आणि त्याला तो मान वाटे. माणूस वाईट नव्हता. डोकं वापरण्याचा लेखी आदेश त्याला कधी मिळाला नव्हता, इतकंच. ते मोत्यांसारखं अक्षरही ताईचीच देणगी. आई गेल्यावर तिनेच त्याला मांडीवर घेऊन पाटी गिरवायला शिकवलं होतं.

"दगड इथे बसवलास, तर मी स्वयंपाक काय तुझ्या डोक्यावर करू?" ताईने विचारलं.

"नियम आहे गं ताई. मी काय करू?"

ताईने त्याला दाराशी नेलं आणि दार लोटलं. दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीने आकडे लिहिले होते, एकाखाली एक. सगळ्यात वर तीनशे वीस. मग तीनशे चार, मग दोनशे अठ्ठ्याऐंशी, असे खाली उतरत आलेले. शेवटचा आजच सकाळचा होता. एकेचाळीस.

"तू पाण्यापासून मोजतोस," ताई म्हणाली. "मी दारापासून मोजते."

मोजणीदाराने ते आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. सतरा वर्षं तो दगड ओढत नव्हता, समुद्रालाच हाताला धरून ताईच्या दारापर्यंत आणत होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पाणी विचारलं तरी नको म्हणाला.

दगड त्याने हातगाडीवरून उतरवलाच नाही. ताईच्याच ओट्यावर बसून त्याने आयुष्यातला पहिला खरा अहवाल लिहिला. भिंतीवरचे अठराही आकडे उतरवून घेतले. 'ताईच्या घरापासूनचं अंतर दोनशे एकोणऐंशी पावलांनी कमी झालं आहे. दरवाजे ताबडतोब उघडावेत.'

"आता बघ ताई, उघडतात की नाही," तो म्हणाला. ताईने त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. "फारच अभ्यासपूर्ण," ते म्हणाले. "आकडे अगदी चोख आहेत. तातडीने कारवाई करतो."

आणि खरंच केली. आठ दिवसांत ताईच्या नावाचा लखोटा तयार झाला, पोचवायला मोजणीदारालाच दिला. बरंच जाड होतं पाकीट. एवढी पानं म्हणजे दरवाजे उघडण्याचं वेळापत्रकच असणार, असं मनाशी म्हणत तो जवळजवळ धावतच गेला. उंबरा आता एकोणचाळीस पावलांवर आला होता.

ताईने लखोटा फोडला आणि मोठ्याने वाचलं.

"सतरा वर्षांच्या सलग नोंदींनुसार किनारा जागच्या जागी आहे. तथापि आपले घर व समुद्र यांतील अंतर दोनशे एकोणऐंशी पावलांनी घटल्याचे मोजणीदाराने निदर्शनास आणले आहे. यावरून आपण आपले घर तितकी पावले समुद्राकडे सरकवल्याचे सिद्ध होते. ते पंधरा दिवसांत मूळ जागी न्यावे. धरणाचे दरवाजे उघडण्याचे कारण दिसत नाही."

खाली पुरावा जोडला होता. त्याच्या सतरा अहवालांच्या प्रती. मोजणीदाराला मान वर करवेना.

ताईने एकेक पान सावकाश उलटलं. पहिलं, दुसरं, तिसरं, अगदी सतरावं येईपर्यंत.

"अक्षर तेवढं जागच्या जागी आहे हो तुझं," ती म्हणाली.